उत्तर: गोबी मंचुरियन म्हणजे चायनीज नव्हेच

वर कुणीतरी लिहिलंय की आपल्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या गाडीवरच्या लालभडक गोबी मंचुरियनचा चीनशी काडीचा संबंध नाही. अर्धं खरं आहे ओ. मंचुरियन मुंबईचं; १९७५ च्या सुमारास नेल्सन वांग या शेफनी तिथल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण, मिरची परतून त्यात सोया सॉस घातला. पण वांग जन्माने कोलकात्याच्या चिनी घरातले, हे विसरू नका की!

माझा मामा मराठा लाइट इन्फंट्रीत, त्याचं पोस्टिंग कोलकात्याला असताना आम्ही गणेशचंद्र अ‍ॅव्हेन्यूवरच्या 'इऊ च्यू' या चिनी हॉटेलात गेलेलो. पेट्रोल पंपाला लागून, जिना चढून वर. एकाच घराण्याने पिढ्यानपिढ्या चालवलेलं. (नाव मला अजून धड म्हणता येत नाही.) तिथलं चिमणी सूप मागवा. भांड्याच्या मधोमध धुराड्यासारखी नळी, तिच्यात पेटते कोळसे आणि भोवतीच्या सुपात मासे, कोळंबी, भाज्या, अंडं. शेवटच्या वाटीपर्यंत वाफ निघत होती. मामी आधी नाक मुरडून बसलेली, नंतर तिसरी वाटी तिनेच घेतली.