मदत हवी आहे: घटस्फोटानंतर जॉइंट फ्लॅटवरून त्यांचं नाव कसं काढायचं? अर्जंट

हडपसरची_आई
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, मोबाईलवरून टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या. आमचं म्युच्युअल झालंय. फ्लॅट हडपसरला, दोघांच्या नावावर, होम लोन पण दोघांच्या नावावर. ठरलंय असं की फ्लॅट आणि मुलगा माझ्याकडे, मी पोटगी घेत नाहीये. बँकेत गेले तर म्हणतात लोन फिटेपर्यंत कोणाचंच नाव निघणार नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात आधी बँकेचं पत्र आणा मग बघू. दोन महिने झाले ह्या दोघांच्या मधे हेलपाटे घालतेय, प्रत्येक वेळी हाफ डे टाकून. मिस्टर दुबईला असतात. प्लीज वकील गाठा असं सांगू नका, वकील फोन उचलत नाहीत. फक्त एवढंच सांगा की नाव काढायचा फॉर्म कुठला आणि कुठे द्यायचा.

सह्याद्री७६
वकील बदला.

निवृत्त_बँकवाला
ताई, असा फॉर्म नसतो. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात, म्हणून सांगतो. मालकी वेगळी आणि कर्ज वेगळं, तुम्ही दोन्ही एकत्र धरताय. मालकी बदलते रजिस्टर केलेल्या दस्ताने. कर्जातून नाव काढायचं तर बँक तुमचा एकटीचा पगार बघणार, हप्ता झेपतो का बघणार, मग ठरवणार. तुमच्या दोघांत कोर्टात काय ठरलं ते बँकेवर बंधनकारक नाही, कारण बँक त्या केसमधे पार्टीच नव्हती. आणि हप्ता चुकला तर सिबिल दोघांचंही खराब होतं, मग कोर्टाने हप्ता कोणावर टाकलाय ते कोणी विचारत नाही. लोन किती बाकी आहे? हप्ता कोण भरतंय? तुमची नोकरी पर्मनंट आहे का? हे सांगितल्याशिवाय पुढे काही बोलता येणार नाही.

हडपसरची_आई
हप्ता सुरवातीपासून माझ्याच खात्यातून जातो. १९ लाख बाकी. नोकरी पर्मनंट. आता सांगा फॉर्म.

गोंयकार
आमच्या गोव्यात हा प्रश्नच येत नाही. १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची समाईक, कागदावर नाव कोणाचंही असो. वेगळे झाले की अर्धी-अर्धी. महाराष्ट्रात पण असा कायदा पाहिजे.

सह्याद्री७६
पाहिजे, पण ह्या बाईंचा फ्लॅट हडपसरला आहे.

मी_आणि_लेक
मी ह्यातून गेलेय म्हणून कळकळीने लिहितेय. आम्ही २०१९ मधे कोर्टाची शेवटची तारीख व्हायच्या आधीच बक्षीसपत्र करून घेतलं. नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर स्टॅम्प ड्युटी २०० रुपये होती तेव्हा, बाकीचे चार्जेस वेगळे. डिक्री झाली की तुम्ही बायको राहत नाही आणि ती सवलतही राहत नाही. माझ्या मैत्रिणीने डिक्रीनंतर केलं, तिला त्याच्या हिश्श्याच्या बाजारभावावर पूर्ण ड्युटी लागली. तुमचं झालंच म्हणताय म्हणजे आता उशीर झाला. फार वाईट वाटलं वाचून.

अनामिक_कोथरूड
बक्षीसपत्र कशाला? हक्कसोडपत्र करायचं, आमच्या काकांनी तेच केलं.

मी_आणि_लेक
काकांचं वडिलोपार्जित असेल. हक्कसोडीची सवलत वडिलोपार्जित मालमत्तेला आहे, दोघांनी मिळून विकत घेतलेल्या फ्लॅटला नाही. अर्धवट माहिती देऊ नका, इथे वाचून लोक पैसे घालवतात.

अनामिक_कोथरूड
बरं. पण दुबईला बसलेला माणूस सही करायला येणार आहे का? सरळ पोलिसात जा, ४९८अ (बायकोच्या छळाचं कलम) टाका, पहिल्या विमानाने येईल.

वकिलीणबाई
असले सल्ले देऊ नका. संमतीने वेगळं होताना खोटी फौजदारी केस टाकली तर जे ठरलंय तेही मोडेल, आणि हाल मुलाचे होतील. शिवाय १ जुलै २०२४ पासून ४९८अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं ८५ कलम आहे.

हडपसरची आई, तुमच्यासाठी. डिक्रीत फ्लॅट पत्नीच्या नावे करून द्यायचा असं स्पष्ट असेल आणि ते सही करत नसतील तर त्याच फॅमिली कोर्टात दरखास्त, म्हणजे डिक्रीची अंमलबजावणी करून घ्यायचा अर्ज, दाखल करता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१ नियम ३४ बघा. दस्ताचा मसुदा तुम्ही द्यायचा, कोर्ट तो त्यांना पाठवून हरकत मागवतं, आणि तरीही सही केली नाही तर त्यांच्या वतीने कोर्टच सही करून देतं. ते राजी असतील पण येऊ शकत नसतील तर दुबईच्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र करून पाठवू शकतात, ते भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत इथे स्टॅम्प करून घ्यावं लागतं. पण हे सगळं डिक्रीत नेमकं काय लिहिलंय त्यावर आहे. डिक्रीची नक्कल काढलीत का? तारीख काय?

कोल्हापूरकर_दादा
मुलाचा पासपोर्ट काढला का? घटस्फोटात तो फार अडतो. एका पालकाची संमती नसेल तर ॲनेक्शर सी भरायचं, दोघं तयार असतील तर डी. आणि पीएफला नॉमिनी बदला, सगळे विसरतात.

हडपसरची_आई
पासपोर्टचं मी विचारलेलंच नाही दादा. डिक्री म्हणजे तो फायनल कागद ना? तो १४ तारखेला मिळणार आहे. मागच्या वेळी दोघांच्या सह्या झाल्या, काउन्सेलरकडे जाऊन आलो, कन्सेंट टर्म्स (आमच्यात ठरलेल्या अटींचा कागद) दिल्या. आता एकदा जाऊन हो म्हणायचं बाकी आहे फक्त.

वकिलीणबाई
अहो ताई! म्हणजे घटस्फोट अजून झालेलाच नाही! कायद्याने आज तुम्ही त्यांच्या पत्नीच आहात. हे आधी कळायला हवं होतं, मी वर लिहिलेली दरखास्त आता विसरा.

मी_आणि_लेक
देवाशप्पथ अंगावर काटा आला. ताई, तुमच्या हातात अजून वेळ आहे!!

अनामिक_कोथरूड
म्हणजे बक्षीसपत्र होऊ शकतं की.

वकिलीणबाई
होऊ शकतं. आता शांतपणे वाचा. डिक्री होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, सुप्रीम कोर्टाने १९९१ मधेच सांगितलंय. त्यामुळे त्यांच्याशी भांडू नका, आत्ता गोडीत सगळं होईल. कन्सेंट टर्म्समधे फ्लॅटबद्दल नक्की काय शब्द आहेत ते इथे लिहा.

हडपसरची_आई
"सदर सदनिका पत्नीकडे राहील." एवढंच आहे.

वकिलीणबाई
हे फार मोघम आहे. राहील म्हणजे राहायला की मालकीने? १४ च्या आत दुरुस्ती करून द्या: फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, सर्व्हे नंबर, पतीचा हिस्सा पत्नीच्या नावे कुठल्या दस्ताने आणि किती दिवसांत, ड्युटी कोण भरणार, उरलेलं कर्ज कोण फेडणार, आणि बँकेला लागतील त्या सगळ्या सह्या ते देतील. वकील उचलत नसतील तर कोर्टात त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या रहा. आणि बक्षीसपत्रात पोटगी सोडल्याच्या बदल्यात असं चुकूनही लिहू देऊ नका, मोबदला आला की ते बक्षीस राहत नाही.

निवृत्त_बँकवाला
आणि बँकेत नाव काढा म्हणू नका. नाव काढा म्हटलं की काउंटरवरचा पोरगा नाहीच म्हणणार. शाखा व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या की सहकर्जदार पती आपला हिस्सा मला, म्हणजे दुसऱ्या सहकर्जदाराला देतायत, गहाण तसंच राहील, दस्त करायला ना हरकत पत्र द्या. कर्ज एकटीच्या नावावर घ्यायचा अर्ज त्याच दिवशी वेगळा. सोबत पगाराच्या स्लिपा आणि हप्ते तुमच्या खात्यातून गेल्याचं स्टेटमेंट लावा. पोच घेतल्याशिवाय निघू नका. नाहीच म्हणाले तर दुसरी बँक कर्ज उचलते का बघा, १९ लाखाला आणि पर्मनंट नोकरीला बरेच जण तयार होतील.

हडपसरची_आई
मला वाटलं सह्या झाल्या म्हणजे झालं. रडायला येतंय पण बरं पण वाटतंय. आत्ता त्यांना फोन केला, ते ११ ला उतरतायत, १८ ला परत जाणार. दस्ताला यायला हो म्हणालेत, फक्त ड्युटी मी भरायची. उद्या सुट्टी टाकून आधी बँकेत जाते मग कोर्टात. बक्षीसपत्राला दोन साक्षीदार लागतात ना? माझी आई चालेल?

वकिलीणबाई
आई चालेल. तुम्ही स्वतः मात्र साक्षीदार होऊ शकत नाही. सब रजिस्ट्रारकडची वेळ आजच ऑनलाइन घ्या, १२ किंवा १३ ची मिळाली तर उत्तम, आणि सगळ्यांची ओळखपत्रं मूळ न्या. बँकवाले काय म्हणाले ते उद्या इथेच लिहा, मी बघते.