संक्रांतीच्या वाणाला कापडी पिशव्या द्याव्यात का?

मूळ प्रश्न (गृहिणी_कोथरूड): सोसायटीच्या हळदीकुंकवाला यंदा साधारण १५० जणी येतील. प्लास्टिकचे डबे लुटायचे नाहीत यावर एकमत झालं आणि कापडी पिशवी जवळजवळ ठरली. तेवढ्यात माझी भाची म्हणाली, "मावशी, सुती पिशवी प्लास्टिकपेक्षा वाईट असते." मला पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. ऑर्डर आठवड्यात द्यायची आहे.

आकडेमोड: भाची अर्धी बरोबर आहे. ब्रिटनच्या सरकारी पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशोब मांडला होता. फक्त हवामानावरचा परिणाम बघितला तर सुती पिशवी १३१ वेळा वापरल्यावर ती एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. पातळ पिशवी घरी कचऱ्याच्या डब्याला लावली असेल तर ३२७ वेळा. डेन्मार्कच्या २०१८ च्या अहवालात हवामानापुरतं ५२ आणि ओझोनसकट सगळे निकष धरले तर ७१००! कापसाला पाणी, खत, फवारणी लागते, पुढे सूत आणि रंग. ती पातळ पिशवी भरते जेमतेम आठेक ग्रॅम. पण १३१ म्हणजे आठवड्याला एक बाजार धरला तर अडीच वर्षं. माझ्या आईची पिशवी त्याहून जुनी आहे.

कुर्लेकर: या हिशोबात गटार कुठे आहे? डेन्मार्कात कचरा जाळून वीज आणि ऊब काढतात, तिथली पिशवी नाल्यात जात नाही. आपली जाते. २६ जुलै २००५ ला मी छातीभर पाण्यातून घरी आलो. पाऊस अफाट होता हे खरं, पण नंतर नाल्यांतून काय निघालं तेही बघितलंय. गाईच्या पोटातल्या पिशव्या तर कुठल्याच तक्त्यात येत नाहीत.

किराणावाला: ताई, एक सांगतो. २३ जून २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, पहिल्यांदा सापडलं तर ५००० रुपये दंड. मग आम्ही सगळे त्या कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्यांवर गेलो. ते कापड नाही, पॉलिप्रॉपिलिन आहे, म्हणजे प्लास्टिकच. उन्हात ठेवा, भुगा होतो. वाणाच्या बाजारात स्वस्तात "कापडी" म्हणून हीच गळ्यात मारतील. हात लावून बघा.

बे_एरियातली_मावशी: इथे कॅलिफोर्नियात दुसरीच गंमत. दुकानातली फुकट पिशवी गेली आणि लोक कचऱ्यासाठी पिशव्या विकत घेऊ लागले. इथल्या पिशवीबंदीवर २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात लहान कचरापिशव्यांची विक्री १२० टक्के वाढलेली दिसली. वाचलेल्या प्लास्टिकपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त त्या वाटेने परत आलं. तरी बंदी फुकट गेली असं मी म्हणणार नाही, जवळजवळ पाऊण हिस्सा वाचलाच की. तुमच्याकडे ओला कचरा वेगळा करून डबा धुतला तर पिशवीच लागणार नाही.

शिवणयंत्र: अहो ताई, १५० नव्या पिशव्या कशाला? ज्या १५० जणी येणार त्यांच्या घरी आधीच दाराच्या मागे पिशवीत पिशव्या कोंबलेल्या आहेत. वाण द्यायचंच तर जुन्या सुती साड्यांच्या शिवा. तो कापूस केव्हाच पिकून, नेसून झालाय. एका सहावारीतून दुहेरी कापडाच्या पाच-सहा सहज निघतात, पिशवीचे बंद साडीच्या काठाचे करायचे. सिंथेटिक साडी नको, ओल्या भाजीला घसरते.

गृहिणी_कोथरूड: सगळ्यांचे आभार. म्हणजे २५-३० साड्या. ग्रुपवर टाकल्याबरोबर अकरा जणींनी हात वर केले. वाणाला तिळगूळ आणि पाव किलो मटार मावेल अशी लहान पिशवी, पर्समध्ये घडी करून राहील अशी. शिवणयंत्र, लहान मापाच्या एका साडीतून किती निघतील? आणि कलफ असलेली साडी आधी धुवायची का?

शिवणयंत्र: दहा-बारा. हो, धुऊनच कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल.