केमोनंतर आईला काही आठवेनासं झालंय, मदत हवी आहे

आई ७१ वर्षांची. स्तनाच्या कॅन्सरची केमो संपून ५ महिने झाले, आता रोज लेट्रोझोल (इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणारी गोळी) चालू आहे. परवा पुरण शिजवताना गूळ घातला की नाही तेच आठवेना, हातात डाव घेऊन पातेल्याकडे बघत नुसती उभी राहिली. बोलताना साधे शब्द अडतात. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. मला नाही पटत. केमोआधी दूधवाल्यापासून सगळा हिशेब तोंडपाठ होता तिला. केमोनंतर विसरायला होतं, शब्द अडतात, त्याला केमो ब्रेन म्हणतात, तो हाच ना? बी१२, थायरॉइड नॉर्मल आहे. कुणाच्या आईला, सासूबाईंना असं झालं होतं का? स्मरणशक्तीची चाचणी न्यूरोलॉजिस्टकडे करायची की सायकॉलॉजिस्टकडे? रात्री विचारते, "मला वेड लागतंय का गं?" काय सांगू तिला?