मदत हवी आहे: कसबा पेठेचे जुने केंद्रनिहाय आकडे कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या कसबा पेठ विधानसभा मतदारसंघाचा १९९५ पासूनचा मतदानाचा इतिहास केंद्रवार मांडायचा प्रयत्न करतोय आणि एका जागी पार अडकलोय.

ढोबळ चित्र सगळ्यांना ठाऊक आहे. १९९५ ते २०१४ सलग पाच वेळा भाजपचे गिरीश बापट, २०१९ ला मुक्ता टिळक. त्यांच्या निधनानंतर फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर हेमंत रासने यांना हरवून निवडून आले, आणि २०२४ ला रासनेंनी जागा परत भाजपकडे आणली. मला शोधायचंय ते हे, की २०२३ ला मतं नेमकी कुठल्या पेठेत फिरली? धंगेकर २००९ आणि २०१४ ला मनसेकडून इथूनच लढले होते. ती मतं त्यांच्यासोबत गेली का, हे केंद्रवार आकड्यांशिवाय कळणारच नाही.

अडचण अशी: निवडणूक आयोगाच्या अहवालात उमेदवारवार एकूण मतं मिळतात, पण मतदान केंद्रवार आकडे फॉर्म २० मध्येच (मतदारसंघाच्या अंतिम निकालपत्रकात) असतात. माझ्याकडचा एक फॉर्म तिरका स्कॅन झालाय, ३ कुठला नि ८ कुठला कळत नाही. शिवाय २००९ ला मतदारसंघांची पुनर्रचना लागू झाली, त्यामुळे आधीच्या याद्या जुळवताना फार घोळ होतोय.

२००४ आणि २००९ चे फॉर्म २० कुणाकडे आहेत का? माहिती अधिकारात अर्ज करायचा तर जिल्हाधिकारी कार्यालयात की मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे? कुणी केला असेल तर कृपया सविस्तर सांगा.