मदत हवी आहे : ‘द्वैतवाद’ हा शब्द नेमका कुठे वापरायचा?

सातरस्ता
सोलापुरात एम.ए. तत्त्वज्ञान करतोय, पहिलं वर्ष. ‘द्वैतवाद : अर्थ आणि उपयोजन’ यावर १२०० शब्दांचं टिपण सोमवारी द्यायचंय. कच्चा मसुदा परत आला, शेरा एकच : “कोणतं द्वैत?” सुरुवात अशी केली होती : ‘दिवस-रात्र, सुख-दुःख असं द्वैत जगात सर्वत्र आहे. सांख्य, मध्वाचार्य आणि देकार्त यांनी हाच द्वैतवाद मांडला.’ काय चुकलं? आणि गावचं उदाहरण म्हणून सोलापूरचे संत सिद्धरामेश्वर घेतले तर चालेल का?

कडकभाकरी
शेरा रास्त आहे. सुख-दुःख, शीत-उष्ण ही द्वंद्वं. गीतेतला ‘द्वंद्वातीत’ यांच्याच पलीकडे गेलेला. जोडी दिसली म्हणून लगेच द्वैतवाद होत नाही. दोन्ही तत्त्वं खरी हवीत आणि एकाचा उलगडा दुसऱ्यात करता येता कामा नये. रात्र म्हणजे उजेड नसणं, एवढं म्हटलं की रात्रीला वेगळं तत्त्व मानायची गरजच उरत नाही.

खरी गडबड ‘हाच’ या शब्दात आहे. तिघांनी रेघ तीन ठिकाणी मारलीय. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त (‘मेडिटेशन्स’, १६४१) एका बाजूला विचार करणारं मन ठेवतो, दुसऱ्या बाजूला जागा व्यापणारं शरीर. सांख्य या प्राचीन भारतीय दर्शनाची रेघ पुरुष (शुद्ध चैतन्य) आणि प्रकृती (जड, म्हणजे अचेतन मूळ द्रव्य) यांच्यामधली, पण मन, बुद्धी, अहंकार ही तिन्ही प्रकृतीकडे जातात! २५ तत्त्वांपैकी २४ प्रकृतीच्या खात्यात, पुरुष नुसता साक्षी. म्हणजे देकार्त ज्याला मन म्हणतो त्यातलं बरंचसं सांख्यांच्या हिशेबी जड. मन-शरीर आणि पुरुष-प्रकृती समोरासमोर मांडून तक्ता केलात की इथंच मार्क जातात.

वैष्णव वेदान्ती आचार्य मध्वांकडे मुख्य विभागणी स्वतंत्र आणि परतंत्र अशी. स्वतंत्र एकटा विष्णू; जीव आणि जड दोन्ही परतंत्र, तरी मिथ्या नव्हेत. वर पाच भेद : ईश्वर-जीव, ईश्वर-जड, जीव-जीव, जीव-जड, जड-जड. द्वैत म्हणून फक्त दोनच वस्तू मोजायला गेलात तर इथं अडकाल.

पार्कचौक
सिद्धरामेश्वर द्वैतवादाचं उदाहरण म्हणून घेऊ नका, उलट बाजूने घ्या. त्यांच्या वीरशैव या शिवभक्त पंथाच्या मताला शक्तिविशिष्टाद्वैत (शक्तीसह शिव एकच) म्हणतात. सुरुवातीला अंग (जीव) आणि लिंग (शिव) असे दोन दिसतात. पण भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण, ऐक्य या सहा स्थलांतून (पायऱ्यांतून) जाऊन शेवट सामरस्यात, म्हणजे दोघं एकरूप होण्यात. दोन नावं आहेत, द्वैतवाद नाही. असंच ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवाच्या सुरुवातीच्या शिव-शक्तीचं. आणि कृपा करून सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा पुरावा म्हणून घालू नका. विधीवरून सिद्धांत ठरत नाही.

सातरस्ता
हे भारी झालं. मग आक्षेप फक्त देकार्तवर घेऊ का? तिन्हींवर घ्यायला शब्द पुरणार नाहीत.

कडकभाकरी
देकार्त आणि सांख्य एकत्र घ्या, प्रश्न एकाच जातीचा आहे : दोन इतके वेगळे, तर त्यांचा संबंध कसा येतो? १६४३ मध्ये बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने देकार्तला पत्रातून नेमकं हेच विचारलं : जागा न व्यापणारा आत्मा शरीराला हलवतो कसा? मेंदूतल्या पिनियल ग्रंथीकडे बोट दाखवल्याने ‘कुठे’ एवढंच कळतं, ‘कसं’ राहतंच.

सांख्य इथं आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसवतात : प्रकृती चालते, पुरुष पाहतो. ब्रह्मसूत्रांवरच्या आपल्या भाष्यात अद्वैतवादी शंकराचार्यांचा आक्षेप असा की पांगळा निदान बोलून वाट दाखवतो, निष्क्रिय पुरुष प्रकृतीला प्रवृत्त कसा करणार? हा मुद्दा सोडू नका, टिपणात जीव इथंच आहे. मध्वांना मात्र हा आक्षेप जसाच्या तसा चिकटवू नका. त्यांच्याकडे जीव-जड दोन्ही ईश्वराच्या आधीन असल्याने प्रश्नाचा रोख बदलतो.

पार्कचौक
शब्द असे वाटा : अर्थ १५०, तिघांच्या रेघा ६००, आक्षेप ३००, सिद्धरामेश्वर १५०. नुसता ‘द्वैतवाद’ कुठंच सोडू नका. ‘मन-शरीर द्वैतवाद’, ‘सांख्यांचं पुरुष-प्रकृती द्वैत’, ‘मध्वांचं द्वैतमत’ असं लिहा. पहिली ओळ अशी चालेल : ‘सांख्य, मध्व आणि देकार्त तिघेही द्वैतवादी म्हणवले जातात, मात्र त्यांचे दोन पक्ष वेगवेगळे आहेत.’ दिवस-रात्र काढून टाका.