धरणातल्या बोटीला इलेक्ट्रिक विंच म्हणजे चोचले? मग ऐका

बॅकवॉटर_गंगापूर
काल एका मामांनी इथं टाकलं की "डॅमच्या पाण्यात नांगर ओढायला इलेक्ट्रिक विंच लावणारे म्हणजे निस्ते चोचले, दहा किलोचं लोखंड हातानं ओढवत नसेल तर बोट भंगारात घाला." लोकांनी हसायच्या इमोज्या टाकल्या. मला त्याचा राग आला म्हणून सविस्तर लिहायलो, कुणाला लांब वाटलं तर खाली जा.

माझी बोट 22 फुटी फायबरची हाय, पिकनिकची नाही. नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं, पाणी उतरलं की शेतकऱ्यांच्या मोटारी आत सरकवायच्या, ड्रम बांधायचे, पाइप जोडायचे, केबल ओढायची, हे काम. एका जागी नांगर टाकला, काम झालं, उचलला, पुढं दुसऱ्याच्या मोटारीवर. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत हेच. अन् नाथसागर म्हणजे बशी हाय, भरला की 35 हजार हेक्टर पाणी अन् मधी वारा अडवायला एक टेकडी नाही. दुपारचा पश्चिमेचा वारा सुटला की जी लाट येती ती पुलावरून बघणाऱ्याला कळणार नाही. 10 किलोचा नांगर, त्याला 10 मीटर 8 एमएमची साखळी म्हणजे अजून 14 किलो, अन् खाली काळ्या मातीचा गाळ. त्यात नांगर बसला की तो 24 किलोचा राहत नाही लेकहो. माझ्यासंगं जो पोरगा हाय त्याची कंबर गेलीय अन् तो अजून तिशीचा नाही.

म्हणून 12 व्होल्टचा 600 वॅटचा विंडलास, म्हणजे नांगर ओढायची विंच, बसवायलो. ज्याला दिवसातून एकदाच नांगर टाकायचाय त्यानं बसवू नये, मान्य. पण चोचले म्हणायचं नाही.

नाथसागर_काठ
मीच तो मामा. लिहिलं ते परत लिहितो, चोचलेच हैत. आमी भोई लोक, बापानं दोरीला दगड बांधून बोट थांबवली, मी बी त्येच केलं. दगड अडकला तर दोरी कापायची, दुसरा दगड काठावर फुकट पडलेला असतो. तुमची विंच अडकली तर काय कापणार? अन् खाली काय काय हाय माहितीय का? शंभराच्या वर गावं बुडाली या धरणात, भिंती, विहिरी, बाभळीची खोडं तशीच हैत. माझ्या जाळ्याला विचारा.

जालना_वायरमन
मामा बरोबर बोलले पण कारण वेगळं हाय. नांगर भिंतीत अडकला अन् ह्यांनी बटण दाबून धरलं की मोटर जागेवर थांबती, करंट दुप्पट-तिप्पट होतो, वायंडिंग जळती. मी अशा मोटारी रिवाइंड करतो, धंदा माझाच वाढंल, बसवा खुशाल.

आता खरं विचारतो. बॅटरी मागं इंजिनजवळ, विंच पुढं नाकावर, वायर कोणती टाकायलात?

बॅकवॉटर_गंगापूर
10 स्क्वेअर एमएम. दुकानदार म्हणला बास होती.

जालना_वायरमन
दुकानदाराला बोटीत बसवून न्या मग. 600 भागिले 12 म्हणजे 50 अँपिअर. जायला 6 मीटर यायला 6, 12 मीटर तांबं. 10 एमएमला तेवढ्यात एक व्होल्ट वायरीतच जातो, लोड वाढला की अजून जास्त. मोटारीला 11 च्या आत भेटणार, ती कण्हणार, गरम होणार अन् तुम्ही म्हणणार कंपनीनं फसवलं. 35 एमएम टाका, 0.3 व्होल्टवर येतं. 16 मधी भागवायचं म्हणाल तर भागंल, पण मी हात लावणार नाही त्या कामाला. अन् बॅटरीच्या अगदी जवळ ब्रेकर, नाहीतर वायर घासली तर पेट्रोलच्या टाकीशेजारी दिवाळी.

आयटीआय_परभणी_मॅडम
वायरमन दादांचं गणित बरोबर आहे. एक जोडते, रिले म्हणजे मोटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर पुढच्या बाजूला ठेवा, त्यात ठिणगी पडते, टाकीजवळ नको.

आणि विंचमुळं बॅटरी उतरेल अशी जी भीती असते ती उगाच आहे. तीन मिनिटं 50 अँपिअर म्हणजे अडीच अँपिअर-तास. 75 ची बॅटरी आरामात देते, इंजिन 10 अँपिअर चार्ज देत असेल तरी पंधरा मिनिटांत भरून निघतं. फक्त ओढताना इंजिन चालू ठेवा. घरातली इन्व्हर्टरची उंच बॅटरी मात्र उचलून आणू नका, ती हादऱ्यासाठी बनवलेली नाही.

जहाजी_बीडकर
वाचून करमणूक झाली. मी जहाजावर आहे. मूळ मुद्दा कुणीच बोललं नाही. विंडलास हे ओढायचं यंत्र आहे, धरून ठेवायचं नाही. मोठ्या जहाजावर सुद्धा नांगर टाकला की ताण चेन स्टॉपर म्हणजे साखळी अडवणारा खटका घेतो, विंडलास मोकळा. तुम्ही लोक साखळी विंचवरच ठेवून जेवायला बसणार, लाट आली की प्रत्येक झटका गिअरबॉक्सला. डेकवर वेगळा खुंटा पाहिजे, त्याला दोरी बांधायची.

दुसरं, विंचनं बोट नांगराकडं ओढायची नसते. इंजिननं हळू पुढं जायचं, साखळी ढिली झाली की गोळा करायची. नांगर गाळात रुतला असेल तर साखळी उभी करून खुंट्याला बांधा अन् इंजिनच्या जोरावर सोडवा. हे बेसिक आहे. डॅमवर कुणी शिकवत नाही म्हणून सांगितलं.

नाथसागर_काठ
"डॅमवर कुणी शिकवत नाही." आलं जहाज. ओ साहेब, तुमच्या जहाजाला पाच-दहा पुरुष पाणी लागतं, उन्हाळ्यात आमच्याकडं गुडघाभर चिखलातून बोट ढकलावी लागती. या एकदा वैशाखात, तुमचा स्टॉपर घेऊन.

जहाजी_बीडकर
राग कामून? नियम पाण्याचा आहे, खोलीचा नाही.

लातूरचा_पाव्हणा
विंच राहू द्या बाजूला. मला एक सांगा, हा भाऊ उघड लिहायलाय की पाणी उतरलं की मोटारी आत सरकवतो. म्हणजे धरण आटत चाललं की ह्यांचा धंदा जोरात. प्यायला पाणी राहत नाही अन् इथं नांगर उचलायला मशीन. 2016 ला आमी मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पिलंय, आमाला विचारा पाणी काय असतं.

बॅकवॉटर_गंगापूर
पाव्हणं, लातूरचं पाणी मांजरा धरणाचं, धनेगावचं. जायकवाडीतून मी मोटार काढून घेतली तरी तुमच्या नळाला थेंब वाढत नाही. अन् ज्यांच्या मोटारी मी सरकवतो त्यांच्याच आज्ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली हैत. दुष्काळात पहिली वीज कुणाची तोडतात? बॅकवॉटरवाल्याची. गहू उभा वाळतो.

लातूरचा_पाव्हणा
संबंध मराठवाड्याचा हाय. धरण 102 टीएमसीचं म्हणून मिरवायचं, त्यातलं 26 मृतसाठा म्हणजे कालव्यात न येणारं, उरलेल्यातलं ऊन किती पितं अन् मोटारी किती पितात ते मोजायला कुणी नाही. कालव्याच्या शेपटाला बसलेल्या माणसाला विचारा.

राहुरीकर
मराठवाड्याचा संबंध काढलाच आहे तर बोलतो. 2023 ला आमच्या नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला, आमचे ऊस जाळून. ते पाणी खाली आलं की बॅकवॉटरला मोटारी गटागटा पितात अन् वर आम्हालाच पाणीचोर म्हणतात. वा.

लातूरचा_पाव्हणा
ऊस जाळून? ऊस लावायला कुणी सांगितलं होतं? 2005 चा कायदा वाचा, समन्यायी वाटप. 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असलं तर वरून सोडायचं असं 2014 ला ठरलं, हायकोर्टानं 2016 ला तुमची याचिका उडवली ती उगाच नाही.

राहुरीकर
लातूरवाल्यानं ऊस कशाला लावला विचारावं हा मोठा विनोद आहे. तुमच्याकडं कारखाने काय ज्वारीचे आहेत का?

नाथसागर_काठ
हे मात्र खरं बोलला राहुरीवाला 😄

लातूरचा_पाव्हणा
मामा तुम्ही कोणाच्या बाजूनं हाव?

नाथसागर_काठ
माशाच्या. पाणी वरून या नाहीतर खाली जा, माझं जाळं कोरडं पडतं तवा तुमच्यापैकी एकजण बी धागा काढत नाही. अन् राहुरीकर, बॅकवॉटर निस्तं मराठवाड्यात नाही, शेवगाव-नेवाशाच्या बी मोटारी याच पाण्यात हैत, त्या तुमच्याच जिल्ह्याच्या. मी रोज त्यांच्या केबली चुकवत जातो.

राहुरीकर
नेवासा वेगळा, राहुरी वेगळी.

आयटीआय_परभणी_मॅडम
धागा विंचचा आहे. पाण्यासाठी वेगळा काढा, मी पण येते भांडायला, येलदरी धरणावर मला खूप बोलायचंय.

औसेकर_जीपवाला
एवढा महाग विंडलास कामून घेता, जीपची विंच लावा की, ऑनलाइन 12 हजार पौंडवाली भेटती, निम्म्या किमतीत. माझ्या भाच्यानं मांजऱ्याच्या बॅकवॉटरला लावली होती.

जालना_वायरमन
लावली होती, म्हणजे आता नाही. काय झालं ते बी सांगा.

औसेकर_जीपवाला
नांगर खोडात अडकला. ह्यानं बटण दाबलं. विंचला काय झालं नाही.

जालना_वायरमन
अन् बोटीला?

औसेकर_जीपवाला
पुढचा डेक निघून आला. प्लायवर निस्ते वॉशर लावून बोल्ट मारले होते, खाली प्लेट नव्हती. पण विंच चांगली हाय, अजून ट्रॅक्टरला वापरतो.

जहाजी_बीडकर
ही सगळ्यात उपयोगी पोस्ट आहे आणि लिहिणाऱ्याला ते कळलेलं नाही. साडेपाच टनाची विंच फायबरच्या होडीवर. फुल लोडला ती 400 अँपिअर खाते, सोडा ते. नियम ढोबळ आहे, नांगर साखळी दोरी सगळं मिळून जे वजन त्याच्या तिप्पट ताकद बास. यांचं 30 किलो धरा, 90 किलो झाले. लहानातला लहान विंडलास त्याच्या वर असतो. जास्त ताकद म्हणजे जास्त उपटाउपटी.

औसेकर_जीपवाला
तुमाला कोण विचारलं उपयोगी का नाही? जहाजावरून निस्तं ज्ञान. इथं माणूस स्वतःच्या खिशातून करून बघतो.

जहाजी_बीडकर
खिशातून करून बघितलं म्हणून डेक निघाला. असो.

बॅकवॉटर_गंगापूर
बीडकर साहेब, बोलायची पद्धत जरा खाली घ्या, तुमचं बरोबर हाय तरी. माझ्या डेकखाली 10 एमएमची अॅल्युमिनियम प्लेट हाय, बोल्ट आरपार. खुंटा नव्हता, तो करून घेतो. झालं समाधान?

साखळीचा प्रश्न राहिला. हार्डवेअरच्या दुकानातली गुरं बांधायची साखळी विंचच्या चाकावर बसंना, उड्या मारती.

आयटीआय_परभणी_मॅडम
बसणारच नाही, कड्या लांबट असतात. त्या चाकाला खाचे ठरलेल्या मापाचे असतात, छोट्या कडीची कॅलिब्रेटेड साखळी लागते, विंचच्या कागदावर माप लिहिलेलं असतं ते बघून घ्या. आणि साखळी जिथं आत पडते तिथं खाली खोली ठेवा, ढीग वर आला की चाकातच अडकते. आमच्या वर्कशॉपमध्ये चेन ब्लॉकवर, म्हणजे वजन उचलायच्या साखळीच्या कप्पीवर, चुकीच्या कडीची साखळी चढवून एका मुलानं हाताचं बोट गमावलंय, तेव्हा चालू विंचजवळ हात नाही. शेतकऱ्याची पोरं बोटीवर चढतात, त्यांना तर नाहीच.

नाथसागर_काठ
हे ऐका. एवढं सगळं, 35 एमएम वायर, प्लेट, खुंटा, मापाची साखळी, ब्रेकर. अन् माझा दगड.

बॅकवॉटर_गंगापूर
मामा, दगडानं बोट थांबती का सांगा खरं. वाऱ्यात सरकती. तुम्हाला जाळं टाकताना सरकली तर चालती, माझ्या हातात चालू केबल असती.

नाथसागर_काठ
सरकती. जोराचा वारा असला की सरकती, म्हणून तर आमी वाऱ्यात जातच नाही, घरी झोपतो. तुमाला शेतकरी फोनवर फोन करतो म्हणून जावं लागतं ते मला माहीत हाय.

विंचचं तुमच्या कामापुरतं चालंल म्हणा. तुमच्याच. उद्या इथं सगळे लावत सुटले तर मी परत चोचलेच म्हणणार. अन् एक फुकटचं सांगतो, जहाजवाल्याला माहीत नसंल.

जहाजी_बीडकर
बोला.

नाथसागर_काठ
नांगराच्या टोकाला, जिथं ते फाळ असतात तिथं, दुसरी बारीक दोरी बांधा अन् तिला वर डबा सोडा. विहिरीच्या कठड्यात अडकला की साखळी ढिली सोडायची, डब्याची दोरी उलट्या अंगानं ओढायची, सुटून येतो. विंचला हात बी लावायचा नाही.

जहाजी_बीडकर
ट्रिप लाइन. माहीत आहे, पण हो, मी आधी सांगायला पाहिजे होतं. तुमच्या तळाला ती लागतेच.

लातूरचा_पाव्हणा
सगळे गोड झाले, पाण्याचं उत्तर कुणी दिलं नाही.

राहुरीकर
नवीन धागा काढलाय, या तिकडं, ऊस घेऊन या.

बॅकवॉटर_गंगापूर
वायरमन दादा, 35 एमएम 12 मीटर, वायरीच्या टोकाला लग म्हणजे जोडायची टोपी दाबून देता का? तुमच्या मशीनवर?

जालना_वायरमन
देतो. हातोड्यानं ठोकलेले लग आणले तर परत पाठवीन. रोख. मागच्या वेळी बॅकवॉटरच्या एका शेतकऱ्याची मोटार भरून दिली, पैसे उसाच्या बिलावर म्हणाला, अजून बिल आलं नाही.

नाथसागर_काठ
अन् गंगापूरवाले, कायगावच्या खालच्या अंगाला संध्याकाळी माझी जाळी असतात. तिथं नांगर टाकून बटण दाबलं अन् जाळं गुंडाळून आलं तर विंच माझी.

बॅकवॉटर_गंगापूर
मग जाळ्याला पांढऱ्या बाटल्या नका बांधू, लाटेत दिसत नाहीत. लाल डबे लावा, मी आणून देतो.

नाथसागर_काठ
लाल डबे लावले की चोराला बी दिसतात. पिवळे आणा.