जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकू का? घरी कृतिदेव आणि टॅली दोन्ही आहे

रामबागवाला:
नमस्कार मंडळी, घरचा डेस्कटॉप चौथ्या जनरेशनचा आय-थ्री आहे, रॅम 4 जीबी, साधी हार्ड डिस्क. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले आणि 11 ह्यावर चढतच नाही, त्याला टीपीएम 2.0 म्हणजे सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनपासून पुढचा पाहिजे. दुकानात म्हणतात नवीन घ्या, ते तर म्हणणारच. मशीन धडधाकट आहे हो, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टीम टाकावी म्हणतोय. पण बाबा मंडळाची पत्रकं कृतिदेव फॉन्टमध्ये करतात, आख्खा फोल्डर भरलाय, शिवाय दादाची हिशेबाची टॅली. घरी कोणी वापरून राहिलंय का?

पोहे_जलेबी:
भिया, आधी काही पुसू नको. 8 जीबीचा पेनड्राईव्ह घे, मिंटची एक्सएफसीई वाली, म्हणजे हलकी, आयएसओ फाईल उतरव, रूफस नावाच्या प्रोग्रामने त्यावर चढव आणि बूट मेनूतून पेनड्राईव्हवरूनच चालू कर. इन्स्टॉल दाबत नाहीस तोवर हार्ड डिस्क आहे तशी राहते. तिथेच वायफाय, आवाज, प्रिंटर बघून घे, प्रिंटर तर नक्कीच, काही जुन्या लेझरना कंपनीचाच ड्रायव्हर लागतो, आमच्याकडचा नुसता हिरवा दिवा लुकलुकवत बसायचा. स्पीड मात्र ह्यावरून ठरवू नको, पेनड्राईव्हवर सगळं रखडतंच.

सुदामानगर_ताई:
कृतिदेवचं टेन्शन नको. तो युनिकोड नाही, फाईलीत खरं तर इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी दाखवतो. विंडोजमधून फॉन्टची टीटीएफ फाईल कॉपी करा, मिंटमध्ये डबल क्लिक करून इन्स्टॉल करा, तिथल्या लिब्रे ऑफिसमध्ये, म्हणजे वर्डसारख्या प्रोग्राममध्ये, पत्रकं उघडतात. टेबलं असतील तर थोडी सरकतात. खरी अडचण वेगळीच, बाबा काही अक्षरं ऑल्ट धरून नंबर दाबून काढत असतील ना, ती सवय लिनक्समध्ये चालत नाही. त्यासाठी ऑटोकरेक्टमध्ये शॉर्टकट करून द्यावे लागतात, एकदा बसून केलं की झालं, पण वैतागतात बरं का सुरुवातीला 😄

टर्मिनल_काका:
टॅलीसाठी विंडोज राहू दे. लिनक्समध्ये विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाईनवर ती चालवणारे आहेत, पण जीएसटीची तारीख डोक्यावर असताना तो खेळ कोण करणार! दोन्ही शेजारी ठेव, ड्युअल बूट. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घे, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद कर, नाहीतर लिनक्सला ते ड्राईव्ह नुसते वाचता येतात, लिहिता येत नाही. विंडोज 10 ला सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळवता येतात, अपडेटच्या सेटिंगमध्येच नाव नोंदवायचं, तेवढं दादाला करायला लाव. आणि इंदूरच्या सिल्व्हर मॉलला जाऊन आधी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घे बाबा, साध्या हार्ड डिस्कवर कुठलीही सिस्टीम टाक, क्रोम उघडेपर्यंत चहा होतो.

रामबागवाला:
काका, ड्युअल बूट केलं की विंडोजचं घड्याळ चुकतं म्हणतात, खरं का? टॅलीत तारीख गडबडली तर दादा मला घराबाहेर काढेल.

टर्मिनल_काका:
खरंय, साडेपाच तास मागे जातं. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच इथली समजतं. मिंटला लोकल वेळ वापरायला सांगायची एका ओळीची कमांड आहे, इन्स्टॉल झालं की इथेच विचार, देतो.